आम्ही रस्ता बंद करतो

थॉर्नक्लफच्या हमरस्त्यावर गेल्या सत्तावीस नोव्हेंबरला मटणाचा रस्सा चर्चपासून पबपर्यंत वाहत गेला, त्याला मी एकटा जबाबदार आहे असं आमच्या गावात बोललं जातं. बोलू देत. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या दिवशी बटाटे सोलायलासुद्धा हात लावला नव्हता.

मूळ बेत अगदी साधा होता. लँकेशायर दिन. खांबावर आमच्या परगण्याचा, लाल गुलाबाचा झेंडा चढवायचा, चौकात उभं राहून परगण्याचा जाहीरनामा खणखणीत आवाजात वाचायचा आणि घरी येऊन चहा प्यायचा. झेंडा माझा, आवाज माझा, चहा मॉरीनचा. मॉरीन म्हणजे माझी बायको. तिला माझा आवाज पाठ आहे, त्यामुळे ती जाहीरनाम्याला येत नाही.

आता आदल्या वर्षी काय झालं, तर मी फुटपाथवर उभा राहून "या परगण्याच्या तमाम जनतेस" इथपर्यंत आलो आणि मागून पाववाल्याची गाडी आली. त्याने भोंगा वाजवला. बरं, एकदा वाजवून गप्प बसावं की नाही? मी थांबेपर्यंत वाजवला, आणि काच खाली करून म्हणाला, "काका, जरा सरकता का?" तमाम जनता, म्हणजे त्या वेळी हजर असलेले अकरा जण, हसली. माणसाचा अपमान होतो तो असा, पाव आणणाऱ्याकडून. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या वर्षी अर्धा तास रस्ताच बंद करायचा.

पण पुढचं वर्ष आलं तेव्हा नुसत्या जाहीरनाम्याचा प्रश्न नव्हता. केरीला दिवस गेले होते. केरी माझी एकुलती एक मुलगी. तिने लग्न केलं ते यॉर्कशायरच्या मुलाशी. जॉस सटक्लिफ, जनावरांचा डॉक्टर. मुलगा चांगला आहे. हे मी चारचौघांत कधी कबूल केलेलं नाही, इथेही हळूच सांगतोय. दोघं राहतात तिकडे, सीमेपलीकडे. म्हणजे सगळं सरळपणे होऊ दिलं असतं, तर माझं पहिलं नातवंड यॉर्कशायरमध्ये जन्माला येणार होतं.

हे ज्यांना किरकोळ वाटतं त्यांनी आमच्याकडे चार दिवस राहून बघावं. आमच्या भागात माणूस काय करतो, किती कमावतो, बायकोला मारतो की बायको त्याला, हे कुणी विचारत नाही. "जन्म कुठला?" एवढं विचारतात, आणि उत्तरावरून पुढे बोलायचं की हवापाण्यावर यायचं ते ठरवतात. जन्म ज्या मातीत, माणूस त्या परगण्याचा. मग तो पुढे टिंबक्टूला का जाईना. पाचशे वर्षांपूर्वी आमच्या लाल आणि त्यांच्या पांढऱ्या गुलाबाने एकमेकांचे गळे कापले, आणि तेव्हापासून आम्ही सभ्यपणे नुसती नाकं मुरडतो.

म्हणून मी केरीला फोन केला. म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी करावं, आईच्या हातचं खावं. आमचं इस्पितळही चांगलं, पश्चिमेला घाट उतरला की वीस मिनिटांत. केरीला पाय सुजल्याने कंटाळा आला होता, ती लगेच तयार झाली. मॉरीन मात्र माझ्याकडे वळली.

"गॉर्डन, खरं सांग. तुला मुलीची काळजी आहे की परगण्याची?"

"दोन्हींची," मी म्हणालो.

"पहिली कुणाची?"

मी मांजराला बाहेर काढायला गेलो. मांजर आधीच बाहेर होतं.

तर रस्ता. कौन्सिलच्या रस्ते खात्यात श्रीमती व्हिटल नावाच्या बाई आहेत. फार शांत बाई. त्या म्हणाल्या, "अर्धा तास रस्ता बंद करायची आमच्याकडे सोयच नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा करता येईल."

"अहो बाई, मला दोन पानं वाचायचीत. दहा तास वाचण्याइतकं आमच्या परगण्यात घडलेलं नाही."

"मग सावकाश वाचा," व्हिटलबाई म्हणाल्या.

दुसरी अडचण वळसामार्गाची. आमचं गाव डोंगराच्या धारेवर. एकच रस्ता, पश्चिमेला आमचा घाट आणि पूर्वेला मैलभरावर यॉर्कशायरच्या सीमेचा दगड. गावातला रस्ता बंद केला तर गाड्यांनी जायचं कुठून? तर यॉर्कशायरमधून, वीसबावीस मैलांचा वळसा घालून. म्हणजे लँकेशायर दिनासाठी लँकेशायरचा रस्ता बंद करायला यॉर्कशायरवाल्यांची परवानगी! मला दोन रात्री झोप आली नाही. शेवटी नाक मुठीत धरून त्यांच्या अधिकाऱ्याला फोन केला. कुणी ॲम्बलर म्हणून होते. मला वाटलं, आता हा माणूस सहा महिने ताटकळत ठेवणार. त्याने चहा संपायच्या आत परवानगी दिली.

"तुमच्याकडून इकडे येणारा रस्ता बंद होतोय ना?" तो म्हणाला. "मग आम्ही आड कशाला येऊ? हवा तर आठवडाभर ठेवा."

व्हिटलबाईंना आपलीच परवानगी द्यायला त्यानंतर अडीच महिने लागले. त्यात एक अट होती, रुग्णवाहिकेला जायला वाट ठेवावी. मी म्हटलं, ठेवू की.

बातमी फुटली, आणि शेजारी क्लेग कुंपणावरून डोकावले. क्लेग निवृत्त भूगोल शिक्षक. मी न विचारता त्यांनी आजवर मला छप्पर, गुडघा, गुलाबाची कलमं आणि मॉरीन या विषयांवर सल्ले दिलेले आहेत.

"अहो एन्टविसल, दहा तास रस्ता मोकळा मिळालाय आणि तुम्ही दोन पानं वाचून घरी जाणार? लोक शेण घालतील तोंडात."

"मग काय करू? नाचू?"

"बँड आणा. जेवण घाला. परगण्याचा दिवस आहे, काही तेराव्याचं जेवण नाही."

इथून सगळं माझ्या हातातून गेलं. समिती झाली. समितीत हॉटपॉट करायचं ठरलं. मटणावर बटाट्याच्या चकत्यांचे थर लावून तासन्‌तास शिजवायचा आमचा तो खास पदार्थ. अख्ख्या गावाला पुरेल एवढा, एकाच भांड्यात. त्यात गाजर घालावं की नाही यावर तीन बैठका झाल्या. गाजरवाले आणि बिनगाजरवाले असे दोन तट पडले, दोघी सख्ख्या बहिणी अजून बोलत नाहीत. मी अध्यक्ष या नात्याने अर्ध्या भांड्यात गाजर घालावं असा तोडगा काढला, तर दोन्ही बाजूंनी मला गद्दार ठरवलं.

भांडं आणलं हेझल्डीनने. हेझल्डीन मेंढपाळ, माझ्याबरोबर शाळेत होता, मला अजून गॉर्ड्या म्हणतो. जुन्या गिरणीत कापड रंगवायची लोखंडी कढई त्याच्या गोठ्यात पडून होती, तीत मेंढ्या पाणी पीत. ती त्याने घासूनपुसून ट्रॅक्टरने ओढत आणली आणि रस्त्याच्या ऐन मध्यभागी, विटांच्या चुलीवर बसवली.

"अरे बाजूला लाव ना! रुग्णवाहिकेला वाट ठेवायचीय."

"गॉर्ड्या, सगळा रस्ता उताराचा. सपाट जागा एवढीच. बाजूला लावली तर रस्सा एकीकडे आणि बटाटे एकीकडे."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मॉरीन खिडकीतून बघत होती; केरी आणि जॉस एव्हाना आमच्याकडे राहायला आले होते.

"दिवसभर रस्ता बंद, मध्ये हे धूड," ती म्हणाली. "आणि केरीला काही झालं तर?"

"डॉक्टरांनी दहा डिसेंबर तारीख सांगितलीय."

"तुला सांगितलीय. बाळाला सांगितलीय का?"

बायकांना कशातही खोट काढायची सवय असते, असं मी तेव्हा मनात म्हणालो. मनात म्हणालो, हे बरं केलं.

तो दिवस उजाडला. पाऊस होता, पण आमच्याकडचा, म्हणजे ज्याला आम्ही पाऊस म्हणत नाही. मला दवंडीवाल्याचा जुना पोशाख मिळाला होता: लाल डगला, तीन कोनांची टोपी, हातात पितळी घंटा. डगला माझ्या दीडपट माणसासाठी शिवलेला होता, त्यामुळे मी वळलो तरी तो थोडा वेळ पूर्वीच्याच दिशेला बघत राहायचा. पण एकंदरीत रुबाब होता. कढईतून वाफा निघत होत्या. मटणाला जुन्या रंगाची किंचित निळी झाक आली होती, त्यावर क्लेग म्हणाले की ती पौष्टिक असते. बँडवाले रांगेत उभे. गाव लोटलं होतं. एकही गाडी नव्हती. मी घंटा वाजवली आणि सुरू केलं, "या परगण्याच्या तमाम जनतेस!" भोंगा नाही, काही नाही. खरं सांगतो, मी ती ओळ उगाच दोनदा वाचली.

दुसऱ्या पानाला आलो आणि कुणीतरी बाही ओढली. जॉस होता.

"गॉर्डन, केरीला कळा सुरू झाल्या."

आणि मी म्हणालो, "दोन परिच्छेद राहिलेत."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. नाकारून उपयोग नाही, माझ्या तोंडासमोर ध्वनिक्षेपक होता आणि अख्ख्या गावाने ऐकलं.

पुढच्या क्षणी मी घंटा टाकून घराकडे पळत होतो. केरी पायरीवर बसली होती, कठडा घट्ट धरून. मॉरीनने फोन लावला होता, तो मी हिसकावला.

"आमच्या इस्पितळातली रुग्णवाहिका पाठवा! थॉर्नक्लफ!"

पलीकडची मुलगी म्हणाली, "साहेब, थॉर्नक्लफचा रस्ता बंद दिसतोय."

"मला माहीत आहे! मीच बंद केलाय!"

"मग तुम्हाला माहीतच आहे."

"मी आत्ता उघडतो. दोन मिनिटांत."

"तसा उघडता येणार नाही. इथे संगणकावर सहापर्यंत बंद आहे. मुदतीआधी उघडायला रस्ते खात्याकडे अर्ज करावा लागेल."

"त्याला किती वेळ लागतो?"

"सहा आठवडे. साहेब, आमची गाडी वळशाने आली तर तास जाईल. यॉर्कशायरची गाडी सीमेजवळच उभी आहे, त्या बाजूचा रस्ता मोकळा आहे, ती दहा मिनिटांत येते. पाठवते."

"नको!" मी ओरडलो.

मॉरीनने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "पाठवा," ती म्हणाली, "आणि हे जे ओरडतायत त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

मी हरणारा माणूस नाही. म्हटलं, गाडी तिकडची का असेना, ती घाटाने खाली आमच्या इस्पितळात नेली की झालं. त्यासाठी मध्ये फक्त कढई होती. मी चौकात धावलो. "हेझल्डीन, ओढ ती कढई!"

"आत्ता? उकळतीय ती!"

"ओढ म्हणतो ना!"

त्याने साखळी अडकवली. क्लेग म्हणाले, "डावीकडून ओढा." दुसरा कुणी म्हणाला, "उजवीकडून." हेझल्डीनने दोघांचंही थोडं थोडं ऐकलं. ट्रॅक्टर गुरगुरला, चुलीच्या विटा सरकल्या, कढई एका अंगावर कलली, क्षणभर विचार करत थांबली आणि मग निवांतपणे आडवी झाली. अख्ख्या गावाचं जेवण उताराला लागलं. गाजरवालं मटण आणि बिनगाजरवालं मटण, जी समितीत कधी एक झाली नव्हती, ती एकत्र वाहू लागली. बँडमधला ट्रॉम्बोनवाला त्यावरून घसरला आणि वाजवतच खाली गेला. कुणी भाजलं नाही हे नशीब. कुत्र्यांचं मात्र भाग्य उजळलं.

तेवढ्यात पूर्वेकडून रुग्णवाहिका आली. तिच्यातून एक धिप्पाड बाई उतरल्या, केरीला बघितलं, पोट चाचपलं, दोनच प्रश्न विचारले आणि तिला आत घ्यायला सांगितलं. मी टोपी सावरत पुढे झालो.

"बाई, एक विनंती. इथून सरळ पश्चिमेला गेलात तर आमचं इस्पितळ..."

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. बटाट्याच्या चकत्या हळूहळू पबकडे निघाल्या होत्या.

"ह्यातून, आजोबा?" त्या म्हणाल्या. "होडी आणू का? केवढं मटण वाया घालवलंत हो!"

"पण बाळ लँकेशायरमध्ये..."

"बाबा!" आतून केरी किंचाळली. "मला परगण्यात नाही, गादीवर बाळंत व्हायचंय! बाजूला हो!"

मी बाजूला झालो. मॉरीन आणि जॉस तिच्याबरोबर आत बसले. मला कुणी बस म्हणालं नाही. दार लागलं आणि गाडी पूर्वेला निघाली.

क्लेग यांनी आपली गाडी काढली, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. मी शेजारी बसलो, टोपी छपराला अडकत होती. माणूस घाबरलेला असताना गप्प बसावं, पण क्लेग सीमारेषा कुठल्या साली कशी सरकली ते सांगू लागले. मी ऐकत नव्हतो. खरं म्हणजे तेव्हा माझ्या डोक्यात परगणाबिरगणा राहिला नव्हता. लहान केरी गोवराने तापली होती तेव्हा मी असाच गाडीत बसलो होतो, तेवढंच आठवत होतं. मला मुलगी हवी होती, धडधाकट. बाकी काही नको होतं.

वळण घेतलं तर समोर रुग्णवाहिका उभी. रस्त्याच्या कडेला, मागचे दिवे लागलेले.

मी उतरून धावलो. आणि सांगायला लाज वाटते, पण धावता धावता माझी नजर सीमेच्या दगडावर गेली. दगड गाडीच्या मागे होता. शंभरेक पावलं मागे. म्हणजे गाडी त्यांच्या हद्दीत.

आत गडबड चालली होती. मी पावसात उभा राहिलो. डगला भिजून जड झाला होता. मग रडं ऐकू आलं. काय आवाज होता! सणसणीत, चिडलेला. मी तिथेच टोपी काढली आणि मोठमोठ्याने रडलो. क्लेग यांनी पहिल्यांदाच कसलाही सल्ला न देता माझ्या पाठीवर हात ठेवला.

दार उघडलं. धिप्पाड बाई घाम पुसत होत्या. "मुलगी. दोघी छान आहेत."

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू," मी म्हणालो. आणि मला गप्प बसता येत नाही हो, मी पुढे म्हणालोच, "फक्त शंभर पावलं आधी थांबता आलं नसतं का?"

"थांबणार होतो," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या बाजूला खड्डे फार. दगड ओलांडला आणि सपाट रस्ता लागला."

आत जॉस मुलीला हातात धरून होता. शेकडो वासरं काढलेला माणूस, पण पुन्हा पुन्हा तिची बोटं मोजत होता. मॉरीनने माझ्याकडे पाहिलं. "झालं का वाचून?" तिने विचारलं. त्यानंतर महिनाभर तिने मला तेवढंच विचारलं.

इस्पितळात जॉसचे वडील आले, एनॉक सटक्लिफ. आठवड्यातून दहाबारा शब्द बोलणारा माणूस. मी पोशाखातच होतो, बदलायला वेळ कुठे होता? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

"रस्ता तुम्हीच बंद केलात म्हणे," ते म्हणाले. "आभारी आहे."

गावात जे व्हायचं ते झालं. समितीची बैठक भरली. नात यॉर्कशायरची असलेल्या माणसाने जाहीरनामा वाचावा का, यावर गाजरवाले आणि बिनगाजरवाले यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आता क्लेग वाचणार आहेत. व्हिटलबाईंचं पत्र आलं, रस्त्याला तुपकट थर बसला आहे तो कुणी काढायचा. मी उत्तर दिलं नाही.

मुलीचं नाव नेल. गोड आहे, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणत नाही; तिच्यापुढे मला दुसरं काही दिसत नाही. एक ऑगस्टला यॉर्कशायर दिन असतो, आणि या वर्षी केरीने आम्हाला तिकडे जेवायला बोलावलं. मी म्हटलं, मला पाठदुखी आहे. मॉरीन म्हणाली, पाठ तिकडे जाऊनही दुखू शकते.

त्यांच्या गावातही खुर्च्या मांडल्या होत्या, बँड होता, पांढरे गुलाब टांगलेले. एनॉक उठून त्यांचा जाहीरनामा वाचायला लागले. वाईट वाचतात. शब्द चावतात. मी नेलला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलो होतो, कारण मागे जागाच ठेवली नव्हती. सगळे माझ्याकडे चोरून बघत होते, हा लाल गुलाबवाला आता काय करतो म्हणून. मी मनाशी पक्कं केलं होतं, वाचन संपलं की हात मांडीवरून हलवायचे नाहीत.

वाचन संपलं. लोक टाळ्या वाजवू लागले. नेलला नुकतंच टाळ्या वाजवण्याचं वेड लागलंय, पण स्वतःच्या हातांनी तिला अजून नीट जमत नाही. तिने मागे बघितलं, माझे दोन्ही अंगठे आपल्या मुठींत धरले आणि माझे हात एकमेकांवर आपटायला सुरुवात केली. मी एकदा सोडवून बघितले. तिने ओठ काढला. मग मी हात ढिले सोडले, आणि सगळे थांबल्यावरही आम्ही दोघं बराच वेळ टाळ्या वाजवत बसलो.